माइस्टर केरबा

प्रयोगशाळेतल्या फोनवर मला सहसा कुणी बोलावत नाही. त्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. पलीकडे केरबाची बायको एल्फ्रिड होती. "आहो..." एवढंच ती म्हणाली आणि पुढचं तिला बोलवेना. लग्नानंतर केरबानं तिला गंमतीनं सांगितलं होतं की आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अहो' म्हणते. तिला ते मनापासून पटलं. गेली सात वर्षं ही जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरची मुलगी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला 'आहो' म्हणून हाक मारत होती. त्या सकाळी मात्र ती हाक होती की बातमी, हे कळायला मला एक क्षण लागला... केरबा सातपुते गेला. वय सदतीस. त्याला आता सहा आठवडे झाले.

केरबा कृष्णाकाठच्या एका खेड्यातला, चांभाराचा मुलगा. गावाजवळच्या मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात तो रोग्यांसाठी चपला शिवायचा. ज्या पायांना खिळा टोचलेला कळत नाही, त्यांना जखम होऊ न देणारी चप्पल कशी असावी, याचा तो आपल्या डोक्यानंच विचार करायचा. तिथल्या जर्मन डॉक्टरीणबाईंनी ते हेरलं आणि अधू पायांचे बूट बनवण्याची विद्या शिकायला त्याला डार्मश्टाटच्या एका वयस्कर कारागिराकडे, माइस्टरकडे, पाठवलं. दोन वर्षांत शिकून परत यायचं, असं ठरलं होतं.

मी पुण्याहून इथल्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेटसाठी आलो तेव्हा त्याची ती दोन वर्षं संपत आली होती. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बुटांत पाणी शिरायला लागलं, म्हणून कुणीतरी सांगितलेल्या दुकानात गेलो. काउंटरमागे खाली मान घालून एक सावळा माणूस तळवा ठोकत होता. हातोडी बोटावर बसली आणि तो "आयला!" म्हणाला. परदेशात चार महिन्यांनी ऐकलेला तो पहिला मराठी शब्द. मी आनंदानं ओरडलोच. नाव-गाव झालं, आडनाव झालं, धंदा तर समोरच दिसत होता. आणि पुढच्याच वाक्यात मी त्याला म्हणालो, "मग काय रे, कधी देशील बूट?" त्यानं हातोडी खाली ठेवली. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "डॉक्टर, इथं अनोळखी मान्साला 'झी' म्हनत्यात, म्हंजी 'अहो'. तुमी जर्मन शिकला असालच की." मी अजून डॉक्टर झालो नव्हतो. पण त्या दिवसापासून त्याच्यासाठी मी डॉक्टर आणि माझ्यासाठी तो 'अहो केरबा' झाला. पुढे पाच वर्षांनी, त्याची मुलगी शालन जन्मली त्या दिवशी, त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता तू म्हना. आता चालंल." मला ते डॉक्टरेटपेक्षा मोठं वाटलं होतं.

पहिल्या दोन वर्षांनंतर तो परत गेला नाही, याची टोचणी त्याला शेवटपर्यंत होती. निघायच्या बेतात असतानाच म्हाताऱ्या माइस्टरला पक्षाघात झाला. दुकानात तीसेक जणांचे बूट अर्धवट पडलेले. युद्ध संपून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती, पण या शहरातल्या पायांसाठी ते संपलं नव्हतं. कुणाचा अर्धा पाय रशियात राहिलेला, कुणाची टाच बर्फानं खाल्लेली, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड. "ह्यांस्नी तसंच टाकून कसं जाऊ?" तो म्हणाला. मग दुकान चालवण्यासाठी माइस्टरची परीक्षा जर्मन भाषेत द्यावी लागली, ती त्यानं दिली. मी त्याच्याकडून महिनाभर उत्तरं घोकून घेतली. मग म्हातारा वारला. मग त्याच्या मुलीशी, एल्फ्रिडशी, लग्न झालं. डॉक्टरीणबाईंची पत्रं यायची. त्याचं उत्तर ठरलेलं : पुढच्या वर्षी नक्की.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा बरेच दिवस विचार केला. पण ती गाळून त्याच्यावर लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा तेच करणं होईल. एका दिवाळीला मी त्याच्याकडे जेवलो होतो. एल्फ्रिडनं त्याच्या सांगण्यावरून केलेल्या करंज्या, बटाट्याची भाजी. आईला पत्रात मी ते सगळं लिहिलं आणि केरबाविषयी लिहिलं, 'इथले एक मराठी कारखानदार.' महिन्याभरानं आईचं उत्तर आलं, तेव्हा मी त्याच्याच दुकानात बसलो होतो. मराठी पत्र म्हणजे आम्हा दोघांचा उत्सव, म्हणून मोठ्यानं वाचत सुटलो आणि वाचता वाचता त्या ओळीवर आलो : 'तुझ्या त्या मित्रांच्या कारखान्यात काय बनतं रे?' मी पत्राची घडी घालायला लागलो. केरबाच्या सगळं लक्षात आलं. आधी तो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग समोरच्या बुटाकडे बघत म्हणाला, "लिवा त्यास्नी, पाय बनतात म्हनावं."

पुढच्या पत्रात मी खरं ते लिहिलं. आईचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा आलं आणि त्यात केरबाचा उल्लेखच नव्हता. त्यानं विचारलं, "काय म्हनल्या आई?" मी म्हणालो, "आशीर्वाद कळवलाय तुम्हाला." त्यानं हातातली आरी बाजूला ठेवली, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला की मला सांभाळून घेतलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत त्याच्या दंडांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. "ठोकताना लागलं आसंल," तो म्हणायचा. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दोन जिने चढला की बसायला लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी हाडातली मज्जा तपासली. तिथं रक्त तयार होणंच थांबत आलं होतं. त्यांनी त्याला कामाविषयी खोदून खोदून विचारलं, आणि बुटांचे तळवे चिकटवण्याच्या सोल्युशनवर येऊन ते थांबले. हिवाळ्यात दारं-खिडक्या घट्ट बंद, कोपऱ्यात शेगडी, समोर त्या सोल्युशनचा उघडा डबा, आणि त्यावर वाकलेला केरबा. दहा वर्षं. त्या गोड वासात विष असतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी रसायनशास्त्राचा माणूस. त्याच्या शेगडीजवळ बसून चहा पीत होतो. मला कळायला हवं होतं.

रक्त द्यावं लागणार होतं, आणि पुन्हा पुन्हा. एल्फ्रिडनं दुकानाच्या दारावर एक चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या त्या लांब व्हरांड्यात त्याची गिऱ्हाइकं बाकांवर ओळीनं बसली होती, काठ्या भिंतीला टेकवून. ट्रामचा कंडक्टर होता, निवृत्त शिक्षिका फ्राऊ लेमान होत्या, वयामुळे नाही म्हटलं म्हणून त्या परिचारिकेशी भांडत होत्या. मी आत जाऊन सांगितलं तेव्हा केरबा हसला. ओठ पांढरे पडले होते. "आल्झो, तर मग डॉक्टर, गावाकडं कळवू नका. आता माज्या अंगात निम्मं डार्मश्टाट हाय." मग थोड्या वेळानं डोळे मिटून म्हणाला, "मिशनच्या डॉक्टरीणबाईंना तेवढं लिवा. केरबा यायचा व्हता म्हनावं... खरंच यायचा व्हता." मी लिहून घेतलं. त्यानं ते मला दोनदा वाचायला लावलं.

मार्चच्या एका सकाळी तो गेला. दहनाला माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ माणसं आली. स्मशानातल्या खडीवरून ती चालत होती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पायात त्यानं केलेले बूट होते. शालन माझं बोट धरून होती. मी तिला म्हटलं, "बाळा, थंडी वाजते का?" तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, "नाही. पण इतके सगळे आले, आता त्यांचे बूट कोण करणार?"

ते बूट करायला आता जवळच्या ऑफनबाख गावाहून एक कारागीर येतो. भला माणूस आहे. दुकानात छतापासून खालपर्यंत गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी फर्मे टांगलेले आहेत, प्रत्येकाचे दोन. त्यावर केरबानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी केल्या आहेत, सगळ्या मराठीत. त्या कारागिराला त्यातलं काही कळेना, म्हणून गेले चार शनिवार मी तिथं जातो. मी फर्मा उतरवतो, वाचतो, जर्मनमध्ये सांगतो, एल्फ्रिड चिठ्ठीवर लिहून बांधते. 'डावा अंगठा नाही. थंडीत दुखतो, एक मोजा जादा धरणे.' 'ह्यांना नाडी बांधता येत नाही. बक्कल लावणे, पण विचारू नये.' 'बाई घाईत असतात. खुर्ची द्यावी.' एल्फ्रिड मान वर न करता लिहीत राहते.

गेल्या शनिवारी फ्राऊ लेमान यांचा फर्मा हातात आला. त्यावर एकच ओळ होती : 'बूट तयार. चालताना बघायचं राहिलं.' बूट खरोखरच फळीवर होते, पुसून ठेवलेले. आम्ही त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी बूट घातले, काठी बाजूला ठेवली आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. कारागीर, एल्फ्रिड आणि मी, तिघं ओळीनं उभे राहून त्यांच्या पावलांकडे बघत होतो. शेवटी त्या थांबल्या आणि आमच्याकडे वळून विचारलं, "ठीक आहे का?"

त्यानं नेमकं काय बघितलं असतं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.