पुढची दोन हेल्मेटं

व्हिएतनामचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख मोटरसायकलवरून बघून आलो, असं मी लोकांना सांगतो. फोटो आहेत, त्यामुळे कुणी शंका घेत नाही. खरं विचाराल तर मी जास्त वेळ दोन हेल्मेटंच बघत होतो. एक माझ्या मित्राचं, दुसरं त्या ठाणेकराचं.

मित्र शाळेपासूनचा. आंबिवलीला एका चाळीत वाढलो, पुढे दोघांनीही डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला घरं घेतली. रविवारी सकाळी गाड्या काढायच्या आणि मुरबाड, माळशेज करून जेवायला घरी यायचं. पुढे तो, मागे मी. एकदा परदेशात असं भटकून यायचं हा आमच्या दोघांचा बेत होता. दोघांचा, हे मी मुद्दाम लिहितोय.

पण पन्नाशी उलटलेल्या माणसांनी एकट्यादुकट्याने जायचं नाही, असं दोन्ही घरांतून बजावण्यात आलं. म्हणून आम्ही ठाण्याच्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं. निघण्याआधीची बैठक कोलशेतला, एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होती. तिथे राहणारा हा ठाणेकर. आमच्याच वयाचा, हसतमुख, स्वतः उठून सगळ्यांना पाणी देणारा. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! त्याने हेल्मेटला लावायचा इंटरकॉम दाखवला. गाडी चालवता चालवता दोघांना एकमेकांशी बोलता येतं. मित्र लहान मुलासारखा हरखला. मी नाक मुरडलं.

"गाडी चालवायची की गप्पा मारायच्या?"

मित्र हसला आणि दुसऱ्याच दिवशी तसाच इंटरकॉम घेऊन आला. एकदा जरी "तू पण घे रे" म्हणाला असता तर मी घेतला असता. पण तसं तो म्हणाला नाही.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. पेट्रोल भरून निघालो की मी हमखास डावीकडे वळायचो आणि समोरून येणारा ट्रक बघून घाम फुटायचा. ओळीत सर्वांत पुढे वाटाड्या, मग ठाणेकर, मग मित्र, मग मी. पहिल्याच घाटात मित्राचे खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं गाडीत काही बिघाड झाला. नंतर कळलं, तो हसत होता. पुढे ठाणेकराचं हेल्मेटही मागे झुकलं होतं. खाली भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी नदीपर्यंत उतरलेली, आणि माझं लक्ष त्या दोन डोक्यांवर. एवढं काय बोलत असतील? वळण आलं की दोघं गप्प, सरळ रस्ता लागला की पुन्हा खांदे हलायला सुरुवात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कॉफी प्यायला थांबलो की दोघं दमलेले आणि खूश दिसायचे. मी विचारायचो, "काय चाललेलं?"

"काही नाही रे, असंच."

हॉटेलात खोली आम्हा दोघांची एक होती. पण तिथे पोहोचेपर्यंत त्याचं सगळं बोलून झालेलं असायचं. बूट काढायचा, बायकोला फोन करायचा आणि घोरायला लागायचा.

मग एके सकाळी ठाणेकराचं पोट बिघडलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तो सामानाच्या गाडीत बसला आणि जाताना स्वतःचं हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाला, "आज तुम्ही दोघं बोला." हेल्मेट मला सैल होत होतं, आत त्याच्या तेलाचा वास होता. तरी मी ते ऐटीत घातलं आणि मित्राच्या पुढे, दुसऱ्या नंबरावर गाडी लावली.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

वळणं गेली, एक गाव गेलं. "पुढे खडी आहे," मी म्हणालो. "दिसली," तो म्हणाला. त्याच्या मुलीच्या नोकरीचं मला ठाऊक होतं, माझ्या गुडघ्याचं त्याला ठाऊक होतं. शेवटी राहवेना.

"तुम्ही दोघं रोज एवढं काय बोलता रे?"

तो हसला. तेच हसणं, आता थेट माझ्या कानात.

"अरे, तुझ्याबद्दलच! तू मास्तरांच्या सायकलवरून नाल्यात पडलेलास, ते. तुझ्या लग्नात भटजी वाट चुकलेले, ते. तो तर रोज मागेच लागतो, अजून सांग, अजून सांग."

माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हणजे इतके दिवस मी त्या गप्पांत होतोच की! मी गाडी थोडी हळू केली आणि म्हणालो, "मग मलाही सांग ना एखादा."

"तुला काय सांगणार? तुला सगळं माहीतच आहे."

त्यात कुचकेपणा नव्हता, अगदी प्रेमाने म्हणाला. नंतर एकदम आठवल्यासारखं, टायरमध्ये हवा कमी वाटते का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ठाणेकर बरा झाला. मी हेल्मेट परत केलं आणि पुन्हा चौथ्या जागी आलो. चढ संपून सपाटी लागली आणि मित्राचे खांदे हलायला लागले. माझाच कुठलातरी किस्सा चालू होता. आणि पुढे तो एक माणूस होता, ज्याला ते सगळं पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं.