डेरेकची जागा

मैदानावर आल्या आल्या डेरेक कधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नसे. “कोण आलं नाही?” एवढंच विचारी आणि जो आला नसेल त्याच्या जागी जाऊन उभा राही. आमची ओळखही अशीच झाली. दोह्याच्या बिन महमूद भागात राहणारी, एकाच कंपनीतली आम्ही मराठी मंडळी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ऊन चढायच्या आत फुटबॉल खेळतो. त्या दिवशी आमच्या गोलकीपरच्या सासूबाई नाशिकहून यायच्या होत्या, तो त्यांना आणायला विमानतळावर गेला होता. कुंपणापाशी एक साठीचा, लालबुंद इंग्रज हाफ पँटीत उभा होता. त्याने तो प्रश्न विचारला, हातमोजे चढवले आणि तासभर एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्या शुक्रवारी गोलकीपर परतला, तर हा डाव्या बाजूला बचावात उभा.

इंग्लंडमधल्या लहानलहान गावांच्या क्लबांतून तो सतरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला होता, हे महिनाभराने कळलं. आता इथल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवत होता. आम्ही ताबडतोब त्याचा डेरेकराव केला. तू कोणत्या जागी खेळायचास, असं विचारलं की तो बोटं मोजायला लागे. बचाव, मधली फळी, उजवी बाजू, डावी बाजू. एका हिवाळ्यात क्लबचे दोन्ही गोलकीपर तापाने आडवे झाले, तेव्हा तिथेही. “चार गोल खाल्ले,” तो अभिमानाने सांगे, “दुसरा कोणी असता तर सात खाल्ले असते.” रमीत जोकर आला की सगळे खूश होतात, पण प्युअर सिक्वेन्स त्याच्याशिवायच लावावा लागतो. डेरेकचं तसंच झालं होतं. त्या जागेचा खरा माणूस आला की याला उचलून दुसरीकडे ठेवत.

आमच्या संघात मात्र कोणालाच उचलता येत नसे, कारण जागा ऑफिसातल्या हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या. आमचे जनरल मॅनेजर पेंडसे साहेब सेंटर फॉरवर्ड. वय चोपन्न. ते मधल्या वर्तुळापर्यंत येत आणि पुढचं अंतर हाताच्या खुणांनी कापत. दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली चपळ पोरं मागे बचावात. गोल झालाच, तर तो साहेबांच्या मार्गदर्शनामुळे. मी कप्तान होतो, कारण साहेबांचे निरोप सगळ्यांना पोचवायला कोणीतरी लागतं.

दर हिवाळ्यात आमचा मल्याळी मंडळींशी सामना होई आणि दर हिवाळ्यात आम्ही हरत असू. डेरेकने आम्हाला शिकवायचं कबूल केलं, मानधन म्हणून दर शुक्रवारी पोहे. तिसऱ्या डब्यानंतर तो मला म्हणाला, “तुझा बॉस गोलकीपर आहे. उंच आहे, हात लांब आहेत, आवाज मोठा आहे आणि पळायची इच्छा नाही. अजून काय पाहिजे?”

पाहिजे होता तो हे त्यांना सांगणारा माणूस. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि नूतनीकरणाची फाइल पेंडसे साहेबांच्याच टेबलावर होती. सही झाली नाही, तर मुलीची दहावी अर्धवट टाकून आम्हाला पुण्याला परतावं लागलं असतं. म्हणून मी सुचवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर यादीच टाकू, ज्याची जागा त्याला आपोआप कळेल.

डेरेकला चिडलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. “सतरा वर्षं माझी जागा मला भिंतीवरच्या कागदावर कळली. एकाही मॅनेजरने तोंडावर सांगितलं नाही. तू कप्तान आहेस, तू जाऊन सांग. यल्ला, नीघ.”

मी लुसैलच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. “निकम, हे तुमचं मत की त्या इंग्रजाचं?” माझंच, असं म्हणालो. साहेबांनी माझी फाइल उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढचे तीन आठवडे तो ड्रॉवर उघडला नाही. फुटबॉलपायी बिऱ्हाड गुंडाळणारा पहिला मराठी माणूस म्हणून बायको माझी नातेवाइकांना ओळख करून देऊ लागली.

सामन्याच्या दिवशी साहेब मुकाट्याने गोलमध्ये जाऊन उभे राहिले. मुकाट्याने म्हणजे शिट्टी वाजेपर्यंत. मग तासभर त्यांनी सगळ्या संघाला असं काही फैलावर घेतलं की समोरची मंडळीही दचकून जागा बदलू लागली. त्यांनी दोन गोल वाचवले, त्यातला एक पोटाने. सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही विश्वविजेत्यांसारखे नाचलो. रविवारी ऑफिस उघडलं आणि फाइल सही होऊन परत आली. “हे आधी का नाही सांगितलंत?” साहेब म्हणाले. “पाच वर्षं उगाच पळालो.” ते पळाले नव्हते, पण तो मुद्दा मी काढला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर डेरेकचा शाळेशी असलेला करार संपला. तो मुलीकडे इंग्लंडला परत निघाला. शेवटच्या शुक्रवारी पेंडसे साहेबांनी त्याला विचारलं, “आज तुला कुठे खेळायचंय? तू म्हणशील ती जागा तुझी.” असं त्याला बहुधा कोणी विचारलंच नव्हतं. तो पुढे बोट दाखवून हळूच म्हणाला, “सेंटर फॉरवर्ड. पहिलं एक वर्ष मी तिथे होतो. मग हलवलं.”

आम्ही झाडून सगळे चेंडू त्याच्याकडे दिले. पहिला त्याने बाहेर मारला. दुसरा खांबावर. तिसऱ्या वेळी गोलकीपर घसरून पडला होता, गोल सताड उघडा होता आणि डेरेकने चेंडू कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या गाडीवर घातला. कोणाला हसायचा धीर होईना. शेवटी तोच हसत सुटला आणि गवतात बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मी शेजारी जाऊन बसलो.

“त्यांनी मला हलवलं ते बरोबरच होतं,” तो म्हणाला. मग बूट काढून त्याने गवतावर ठेवला. “पण सांगायला हवं होतं.”