तिकडे सांभाळणारा पुरुष

परकीय नागरिकांच्या टेबलावर मी सहा वर्षं काम केलं. जिल्ह्याच्या पोलीस कचेरीतलं हे टेबल कुणालाच नको असायचं, म्हणून नव्या कारकुनाच्या गळ्यात घालायचे. तेव्हा मी नवी होते. पाकिस्तानातून नातेवाइकांकडं आलेली माणसं नाव नोंदवायला यायची. मी पासपोर्ट बघायची, शिक्का मारायची, रजिस्टरात आल्याची तारीख लिहायची आणि ती परत गेली की गेल्याची. दोन्ही तारखा भरल्या की ती ओळ संपली. मुदत उलटूनही दुसरी तारीख कोरी राहिली तर नावापुढं लाल पेनानं खूण करायची. माझ्या काळात लाल खुणा थोड्याच पडल्या. त्यातली एक खुलताबादच्या एका बाईची होती.

ती पन्नाशीची असावी. उंच, हाडकुळी, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. जन्म खुलताबादचा. सतराव्या वर्षी तिचं लग्न मामेभावाशी झालं, तो आधीच कराचीला जाऊन राहिला होता. त्याची पहिली बायको वारलेली आणि पहिलीचा एक मुलगा होता. हिला स्वतःचं मूल झालं नाही. तो मुलगा तिनंच वाढवला. नवरा गेल्यावर मुलानं सासरची माणसं घरात आणली आणि हिला सांगितलं, की तुझं माहेर आहे ना, तिकडं जा. त्याच सुमारास इकडं तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तीन महिन्यांच्या व्हिसावर ती आली, ती आईच्या खाटेपाशीच राहिली. दोनदा मुदत वाढवून मिळाली. तिसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही. तोवर आई जिवंत होती, म्हणून हीही गेली नाही.

मुदत संपल्यापासून दर सोमवारी कचेरीत येऊन सही करायची, असं तिला बजावलं होतं. खुलताबादहून सकाळच्या एसटीनं ती यायची, माझ्यासमोर उभी राहून उर्दूत सही करायची आणि जायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. आमच्या कचेरीतले एक हवालदार तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून शहर अधूनमधून बंद पडायचं. एका सोमवारी सकाळपासूनच एसटी बंद होती. कचेरीतली सगळी माणसं बंदोबस्ताला गेलेली, मी आणि हेडक्लार्क दोघंच होतो. दुपारी बाराच्या सुमारास खाला आली. जीपनं शहराबाहेरच्या पडेगावपर्यंत आली होती आणि तिथून पायी. चपलेचा अंगठा तुटलेला होता. हेडक्लार्क म्हणाले, की आज नसतं आलात तरी चाललं असतं. ती म्हणाली, आज सोमवार आहे. मी रजिस्टर पुढं केलं. पाणी विचारायला हवं होतं, ते मला ती गेल्यावर सुचलं.

त्याच काळात शहराभोवती कारखाने उभे राहत होते. चिकलठाण्याच्या जागा भरल्या होत्या आणि वाळूजला नवे पत्रे चढत होते. माझा धाकटा भाऊ तिथंच एका कारखान्यात लागला. घरी आला की बाहेरच्या लोकांबद्दल बोलायचा. बाहेरचे म्हणजे बिहारकडचे, कमी पगारात राबणारे. पेपरात आणखी एका प्रकारच्या बाहेरच्यांबद्दल यायचं. त्यांना घुसखोर म्हणायचे. एकदा दहा-बारा लोकांचं शिष्टमंडळ आमच्या कचेरीत निवेदन घेऊन आलं, की जिल्ह्यात बेकायदा राहणाऱ्या सगळ्या परकीयांची यादी जाहीर करा आणि त्यांना हाकला. साहेबांनी निवेदन ठेवून घेतलं. मग मला बोलावून लाल खुणा किती आहेत ते विचारलं. मी आकडा सांगितला. इतकेच का, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

चहाच्या वेळी त्यावर वाद व्हायचा. हेडक्लार्कांचं म्हणणं असं, की कायदाच जुना झालाय. इथं जन्मलेली बाई आणि चोरून आत आलेला माणूस, दोघांना एकच साचा लावतात, तो बदलायला पाहिजे. स्टेनोला ते पटायचं नाही. तो म्हणायचा, एकीला सूट दिली की दहा जणी येतील, मग सीमा ठेवलीय कशाला? दोघंही तावातावानं बोलायचे आणि चहा संपला की आपापल्या टेबलाशी जायचे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. हेडक्लार्क बोलत असले की त्यांचं खरं वाटायचं, स्टेनो बोलायला लागला की त्याचं.

उन्हाळ्यात खालाची आई वारली. त्यानंतरच्या सोमवारी हेडक्लार्कांनी तिला आपल्या टेबलापाशी बोलावलं. आई होती तोवर आजारपणाचं कारण होतं, आता तेही उरलं नव्हतं. पण नियमात एक वाट होती. मूळची इकडची बाई तिकडं लग्न होऊन गेली, विधवा झाली आणि तिकडं तिला सांभाळणारा पुरुष नसला, तर तिला इथं दीर्घ मुदतीचा मुक्काम मिळू शकत होता. त्यांनी मला फॉर्म काढायला लावला.

फॉर्म इंग्रजीत होता. मी एकेक प्रश्न वाचून तिला सांगायची आणि ती सांगेल ते लिहायची. नाव, बापाचं नाव, जन्मगाव. तिचा भाऊ जामीन म्हणून शेजारी उभा होता. खुलताबादला त्याचं बांगड्यांचं दुकान होतं. अकराव्या रकान्याशी आम्ही आलो. तिकडे सांभाळणारा पुरुष आहे काय?

मी प्रश्न वाचला. भाऊ म्हणाला, कोण आहे आता, कोणी नाही, 'नाही' लिहा. ती त्याच्याकडं न बघता माझ्याशी बोलली.

"लडका तो है. मेरे पेट का नहीं, पर है."

भाऊ तिला हळू आवाजात म्हणाला, की त्यानंच तुला घराबाहेर काढलं ना? ती म्हणाली, काढलं, पण आहे तर आहे, खोटं कसं लिहायचं, आणि 'नाही' लिहिलं तर तो मेला असं होईल. मी पेन धरून बसले होते. हेडक्लार्क खाली मान घालून दुसरंच काही वाचत होते. त्यांना ऐकू आलं होतं, हे मला कळत होतं.

त्या रकान्यात 'नाही' लिहिलं तर अर्ज टिकेल आणि 'होय' लिहिलं तर पडेल, हे मला ठाऊक होतं. सावत्र मुलगा सांभाळणारा पुरुष धरायचा की नाही, यावर नियमात एक अक्षरही नव्हतं. तिला सही करायची होती, इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी 'नाही' लिहिलं असतं तर तिला कळलंही नसतं. मी 'होय' लिहिलं. पुढं कंसात 'सावत्र मुलगा, वय छत्तीस' असं लिहिलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिनं सांगितलं ते लिहायचं, एवढंच डोक्यात होतं. मग बाराव्या रकान्याकडं वळले.

त्या आखाडात मी देवगावला घरी गेले आणि वडलांना हे सांगितलं. ते मेंढरं राखायचे. पाऊस सरला की आमचं बिऱ्हाड घोड्यावर बांधून घाटाखाली जायचं, आखाडात परत यायचं. मला नोकरी लागली तेव्हा रहिवासी दाखला पाहिजे होता आणि तलाठ्यानं विचारलं होतं, की तुमचं गाव नेमकं कोणतं, आठ महिने तर इथं दिसत नाही. शाळेच्या गुरुजींनी लिहून दिलं तेव्हा तो दाखला मिळाला. वडलांनी खालाची सगळी हकिकत ऐकून घेतली.

"ती खुलताबादची व्हय ना?" ते म्हणाले. "मग तिला कुठं धाडताय?"

मी त्यांना पासपोर्ट समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली आणि एका मेंढीचा खूर बघायला उठले.

अर्ज चार महिन्यांनी नामंजूर होऊन आला. कारण एका ओळीत होतं, अकराव्या रकान्याचं. सोबत देश सोडण्याची नोटीस बजावायचा हुकूम होता. नोटीस मीच टाइप केली. दोन ठिकाणी चूक झाली म्हणून पुन्हा टाइप केली.

तिला सीमेपर्यंत पोचवायला सोबत बाई पोलीस पाहिजे होती. तेव्हा जिल्ह्यात बाई पोलीस मोजक्याच, आणि त्या सगळ्या विद्यापीठाच्या बंदोबस्तावर. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. कचेरीतली बाई चालेल का, असं त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारून घेतलं. मग मला आणि तिला खाला म्हणणाऱ्या त्या हवालदारांना जायचा हुकूम निघाला.

स्टेशनवर खालाचा भाऊ आला होता. तो रडला, ती रडली नाही. मनमाडला गाडी बदलली आणि तिथून दिल्लीच्या गाडीत बसलो. हवालदार खिडकीशी टेकून बराच वेळ झोपले. दहा दिवस बंदोबस्त करून ते आले होते. जागे झाल्यावर त्यांनी सांगितलं, की विद्यापीठाच्या दाराशी घोषणा देणाऱ्यांत त्यांची भाची होती आणि हे काठी धरून समोर. नाव बदलावं असं त्यांनाही वाटत होतं. खाला म्हणाली, भाचीनं ओळख दाखवली का? ते म्हणाले, नाही, तीही शहाणी आहे. मग दोघंही थोडं हसले. मी शेंगदाण्याचा पुडा काढला, तो तिघांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हवालदार चहा आणायला उतरलेले असताना, तिनं मला विचारलं.

"तुमकू मालूम था क्या? वो लिखे तो ऐसा होता?"

"हो," मी म्हणाले.

"हौ," ती म्हणाली. "मेरेकू बी लग राहा था."

एवढंच. तिनं शाल गुडघ्यावर ओढून घेतली आणि बाहेर बघत बसली. मला वाटलं होतं, ती पुढं काही बोलेल. आपणही काही बोलायला हवं, असंही वाटलं. तेवढ्यात हवालदार चहा घेऊन आले.

अटारीला, सीमेवर, कडक ऊन होतं. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक कापडी पिशवी. तिथल्या अधिकाऱ्यानं कागद तपासले, पेटी उघडायला लावली. आत आईचं एक लुगडं आणि बांगड्यांचा एक डबा होता, भावानं दिलेला. बांगड्यांचं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, सुनेसाठी. मग त्यानं आमच्या कागदावर पोच दिली. एक स्त्री ताब्यात मिळाली, असं लिहून खाली सही. ती आमच्याकडं वळली, हवालदारांना सलाम केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. रांगेत पुढं गेली. पुढच्या माणसांमुळं ती कधी दिसेनाशी झाली, ते मला कळलं नाही.

परत आल्यावर रजिस्टरात गेल्याची तारीख भरली. त्या दिवशी जेवण जात नव्हतं असं काही झालं नाही. मी नेहमीसारखी जेवले. माझ्या भावानं विचारलं, अटारी कशी आहे? मी सांगितलं, उन्हाची आहे. पण त्यानंतर बरेच महिने मला एक सवय लागली. कुणी काही विचारलं की मी लगेच उत्तर द्यायची नाही. भाजीवालीनं किती तोलू म्हटलं तरी थांबायची. घरच्यांना वाटलं, कानाला कमी येतंय. डॉक्टरकडंही नेलं. कान चांगले होते.

दोनेक वर्षांनी वरून एक परिपत्रक आलं. सांभाळणारा पुरुष म्हणजे नुसतं नात्यानं असलेला नव्हे, प्रत्यक्ष सांभाळणारा आहे का ते बघावं, असा त्याचा मतलब होता. हेडक्लार्कांनी ते दोनदा वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा. एवढंच पाहिजे होतं." स्टेनोनं वाचून ते फायलीला लावलं.

मी खुलताबादला गेले. भाऊ दुकानात होता. मी परिपत्रक त्याला मराठीत समजावून सांगितलं, आता नव्यानं अर्ज केला तर मंजूर होऊ शकेल, असंही सांगितलं. त्यानं मला आत बसवलं, चहा मागवला. मग म्हणाला, की बहिणीचं पत्र आलंय. सुनेला जुळी झाली, हाताखाली कुणी नव्हतं. कराचीत ती ज्या नातेवाइकांकडं राहत होती, तिथून मुलगा स्वतः येऊन तिला परत घरी घेऊन गेला. आता ती तिथंच आहे, पोरं तिच्याजवळच झोपतात. येशील का म्हणून मी आधीच विचारून बघितलं होतं, तो म्हणाला, पण ती नको म्हणते.

हे ऐकून मला हलकं वाटायला पाहिजे होतं. मी 'होय' लिहिलं होतं आणि ते उशिरानं का होईना खरं ठरलं होतं. मी वाट बघितली. हलकं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. भाऊ विचारत होता, की तुम्हाला बांगड्या दाखवू का. मी हो म्हणाले आणि त्यानं एकेक डबा खाली काढला. हिरव्या काचेच्या डझनभर घेतल्या. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मी गल्ल्यावर ठेवून आले.

पुढच्या बदल्यांच्या वेळी मी आवक-जावक विभाग मागून घेतला. तिथं पत्रं आली की चढवायची, गेली की चढवायची. निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होते. परकीय नागरिकांच्या टेबलावर एक नवी मुलगी आली. तिला काम समजावून देताना मी सगळे फॉर्म दाखवले, कुठल्या रकान्यात लोक अडतात तेही सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. अकराव्या रकान्यात काय लिहायचं असतं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, आधी समोरच्या बाईला विचार, मग थोडं थांब, मग लिही.