विहिरीवर उभी असलेली सोमी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला "तापावरचं क्विनाइन घेतलंस का?" असं विचारून गप्प करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मी जव्हार संस्थानच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. ताप चढला की माणसाला काय काय दिसतं ते रोज बघत होतो, त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास बसण्याचा प्रश्नच नव्हता. आजही नाही… पण एक दुपार अशी आहे की जी माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. ती इथे लिहून ठेवतो.

त्या काळी जव्हारहून मोखाड्याला बैलगाडीने जायला दिवस मोडायचा. मोखाड्याच्या पुढे गाडीवाट संपायची आणि पायवाटेने टेकडी उतरून गेलं की एक पाडा लागायचा. पाड्याचं नाव लिहीत नाही, जिची ही गोष्ट आहे तिची माणसं अजून तिथे आहेत. पाड्याच्या खाली भातखाचराच्या कडेला दगडांनी बांधलेली एक विहीर होती. वर टेकडीत एक झरा होता, पण लांब आणि बारीक, म्हणून उन्हाळ्यात ओढा आटला की सगळा पाडा त्या एका विहिरीवर जगायचा. आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की त्या एका विहिरीवरच मरायचा.

पटकीच्या दिवसांत माझं काम म्हणजे गावोगावच्या विहिरींत परमँगनेट टाकणं. लोक त्याला लाल दवा म्हणायचे. दवा पोहऱ्यात विरघळवून विहिरीत ओतायची, पाणी चांगलं घुसळायचं, रंग उतरेपर्यंत कुणाला भरू द्यायचं नाही. पहिल्यांदा या पाड्यावर गेलो तेव्हा लालभडक पाणी बघून बाया मागे सरल्या. रक्तासारखं दिसतं, म्हणाल्या. मी समजावून थकलो. दुसऱ्या दिवशी रंग उतरला तरी कुणी पुढे येईना. तेव्हा सोमी नावाची एक बाई पुढे आली, ओंजळ धरली आणि सगळ्यांसमोर प्यायली. तिची लहानगी मुलगी आठवड्यापूर्वीच पटकीने गेली होती, हे मला मागाहून कळलं.

त्या दिवसापासून विहीर जणू तिचीच झाली. जव्हारहून आम्ही एक लोखंडी पोहरा दिला होता. त्याच पोहऱ्याने ती सगळ्यांना पाणी काढून द्यायची. घरचं मडकं विहिरीत बुडवू द्यायची नाही, काठावर कपडे धुऊ द्यायची नाही. त्यावरून बायकांशी तिची भांडणं व्हायची, असं तिचा नवरा लखमा हसून सांगायचा. मी गेलो की ती आधी माझ्या ओंजळीत पाणी ओतायची, मग कामाचं बोलायची. त्या वर्षी पाड्यात पुढे कुणी दगावलं नाही.

पुढच्या वैशाखात पटकी पुन्हा आली. घाटावरून बाजाराला आलेल्या माणसांबरोबर आली असावी. मी दवा घेऊन पाड्याकडे निघालो. भर दुपार होती. टेकडी उतरलो तर विहिरीच्या काठावर सोमी उभी. एकटीच. हातात पोहरा. मला बरं वाटलं, कारण घसा कोरडा पडला होता. नेहमीसारखी ओंजळ पुढे केली.

तिने पाणी दिलं नाही. माझ्याकडे बघत तिने पोहरा विहिरीपासून लांब नेला आणि जमिनीवर उपडा केला. माती पाणी पिताना मी बघितली.

"दादा, ह्ये पानी कोनाला पिऊ देऊ नका," ती म्हणाली. "वरच्या झऱ्याचं भरायला सांगा."

मी म्हटलं, दवा आणली आहे, आत्ताच टाकतो. ती म्हणाली, टाका, पण आज पाणी नको. आवाज नेहमीचाच, जरा दमलेला. मी पिशवी तिथेच ठेवली आणि लोकांना सांगायला पाड्याकडे वळलो. मागे बघितलं नाही… बघायला काही कारणच नव्हतं.

पाड्यात शिरलो तर रडणं ऐकू आलं. लखमाच्या दारात माणसं बसली होती. नुकतीच मूठमाती देऊन परतली होती. सोमी पहाटे गेली होती.

मी दारातून आत बघितलं. आत खुंटीला तो पोहरा टांगलेला होता, कोरडा ठणठणीत. ती आजारी पडल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. जो तो आपापल्या मडक्याने पाणी भरत होता.

मी काय बघितलं ते तेव्हा बोललो नाही. फक्त विचारलं, तिचे कपडे कुठे धुतले? मग तिची जाऊ काशी पुढे आली. ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून तिने आदल्या रात्रीच्या अंधारात सोमीचं लुगडं आणि गोधडी विहिरीच्या काठावरच धुतली होती. घाण पाणी दगडांच्या फटींतून आत गेलं असणार. हे तिने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या. दवा टाकली, पाणी उपसलं, पुन्हा दवा टाकली. लोक वरच्या झऱ्यावर जाऊ लागले, पाणी उकळून पिऊ लागले. काशी मात्र सकाळी विहिरीचं पाणी प्यायली होती. ती वाचली नाही. शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्याच हाताने झालं. तिच्यानंतर पाड्यात कुणी गेलं नाही.

जव्हारला परतल्यावर डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उन्हाचा परिणाम. विहिरीवर जिला बघायची सवय, तीच दिसली. ओले दगड नजरेस पडले असतील, बाकीचं मनाने जुळवलं. असेलही. पण ओले दगड मला आठवत नाहीत, आणि वैशाखातल्या उन्हात ते दुपारपर्यंत ओले राहतीलच कसे?

विहीर पुन्हा खुली केली त्या दिवशी लखमा मला टेकडीपर्यंत पोचवायला आला. तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. तो चालता चालता थांबला.

"आवाज फुटत व्हता तिला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो, स्वच्छ बोलत होती.

तो वाटेतच खाली बसला. पटकीत शेवटी आवाज बसतो, नुसते ओठ हलतात; सोमीचंही तसंच झालं होतं.

"रातभर काहीतरी सांगत व्हती, दादा. दाराकडं हात करायची. मला वाटलं, पानी मांगते. मी पाजत रायलो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्येच सांगत व्हती का?"

मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. खाली विहिरीवर बाया सोमीच्याच पोहऱ्याने पाणी काढत होत्या.