कोणाचं पुढं?

आमच्या चित्रकलेच्या सरांना साधा प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळवलेला माणूस अख्ख्या नेर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. बसस्टँडवर कुणी विचारलं, ‘गुरुजी, दवाखाना डावीकडं का उजवीकडं?’ तर सर आधी त्या माणसाच्या खांद्याला धरून त्याला फिरवत, स्वतः त्याच्या शेजारी त्याच तोंडानं उभे राहत आणि मग म्हणत, ‘आता दोघायचं डावं एक झालं. आता सांगतो.’ तोवर पेशंटला घेऊन निघालेला माणूस दुसऱ्याला विचारून दवाखान्यात पोचलेला असे. एसटीत आमच्याकडे तोंड करून उभा असलेला कंडक्टर ओरडला, ‘पुढं सरका,’ की गर्दीतून यांचा शांत आवाज येई, ‘कोनाचं पुढं भाऊ, तुमचं का ड्रायवरचं?’ सरांच्या घरी काकू म्हणायच्या, ‘यायले म्हटलं भाजी परता, तं कोन्या बाजूनं इचारतात. मीच परतून घेतो बाप्पा.’

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरी खुळखुळ्याच्या आधी पत्रक हातात येई आणि मला अक्षरं कळली ती ‘निषेध’ या शब्दापासून. कापसाचे भाव कोसळलेली ती वर्षं. नववीत मीही एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि मोठ्या ऐटीत सरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ‘झकास लिवलं. पन तुही आई कापूस वेचाले जाते नं लोकायच्या वावरात? थे यात कुठी हाय?’ मला संताप आला. आई त्यात कुठंच नव्हती. भाव वाढवून मागताना वेचणीच्या मजुरीचा एक शब्द मी लिहिला नव्हता.

त्याच वर्षी कुठल्याशा योजनेतून शाळेत यंत्रमानवाचे, म्हणजे दांड्यानं चालवायच्या एका छोट्या गाडीचे, सुटे भाग खोक्यातून आले. विज्ञानाची जागा रिकामी होती आणि चित्रकलेला कुणी विषय मानत नसल्यामुळे सर मोकळे होते. हेडमास्तरांनी खोका त्यांच्याकडे सरकवला. सरांनी उघडताच पहिलं काम काय केलं असेल, तर पुढच्या फळीवर पोळ्याच्या बैलासारखे दोन टपोरे डोळे रंगवले. ‘आदी त्याचं तोंड ठरू द्या. मंग बाकीचं.’ जोडणी मी आणि माझी मैत्रीण सुषमा करायचो. गाडी चालली नाही तर खोका यवतमाळच्या मोठ्या शाळेला जाणार, असं शाळा समितीच्या अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या हातात तोवर कुणी शिवणकामाच्या सुईपलीकडे काही दिलं नव्हतं. खोका गेला असता तर परत कुणी दिलंही नसतं.

आणि गाडी जागच्या जागी गरगर फिरायची. दोन्ही मोटरी एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या. दोघींना एकच हुकूम दिला की एक गाडीला पुढं ओढी, दुसरी मागं. मला हे पुस्तकातून कळेना. सरांनी मला आणि सुषमाला पाठीला पाठ लावून, कोपरात कोपर अडकवून उभं केलं आणि म्हणाले, ‘चाला, दोघीबी पुढं.’ आम्ही ओढाताण करून लाल झालो, वर्ग हसून आडवा झाला. ‘भांडू नका. दोघीबी खऱ्या हायेत. पन एकीले मांगं चालाच लागन.’ म्हणजे एका मोटरची दिशा उलटवायची.

समितीपुढच्या प्रात्यक्षिकाच्या सकाळी गाडी नीट व्हावी म्हणून मी उजव्या मोटरच्या तारांची अदलाबदल केली. त्याच काळजीनं सुषमानं संगणकावर त्याच मोटरची दिशा उलटी केली. कुणी कुणाला सांगितलं नाही. समिती बसली, मी जॉयस्टिकचा दांडा पुढं केला आणि गाडी पुन्हा गरगर.

‘हा तं घान्याचा बैल झाला,’ अध्यक्ष म्हणाले.

सरांनी शांतपणे विचारलं, ‘कोनं कोनं सुदरवलं?’ दोन हात वर झाले. ‘दोघींनं सुदरवलं म्हनून बिघडलं. उलट्याचं उलटं, म्हंजे होतं तसंच. आपलं केलेलं वापस घ्या.’ आम्ही दोघी एकदम धावलो. ‘एकीनं, माय. एकीनं.’

मी तारा पूर्ववत केल्या. गाडी सरळ पलीकडे गेली. सुषमानं तिच्यावर कापसाचं बोंड ठेवलं. ते अध्यक्षांपर्यंत आणायचं होतं आणि इथंच माझी पंचाईत होती. कारण गाडीचं तोंड माझ्याकडे झालं की तिचं डावं माझं उजवं होई आणि सरावात मी दर वेळी भिंतीला धडकत असे. मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत स्वतःच फिरून बसले. मला दवाखाना विचारणारा माणूस आठवला. मी गाडीकडे पाठ केली, समितीकडे तोंड केलं आणि मान मागं वळवून चालवू लागले.

‘पोरगी गाडीकडं पाठ करून काहून उभी हाय?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘थे गाडीच्या बाजूनं पाहून राह्यली,’ सर म्हणाले.

गाडी अध्यक्षांच्या चपलेशी येऊन थांबली. त्यांनी बोंड उचललं, फिरवून पाहिलं. ‘राहू द्या खोका पोरींपाशी,’ ते म्हणाले आणि बोंड खिशात घालून निघून गेले.

पुढं सरांची बदली फुलसावंगीकडे झाली. तिथल्या एसटीतही पुढं-मागं ठरायला वेळ लागत असेल. मी अजून पत्रकं लिहिते. वेचणाऱ्या बायांची मजुरी त्यांत आता पहिल्या ओळीत असते आणि मजकूर छापण्याआधी आईला वाचून दाखवते. गाडी कधीच मोडली. तिची डोळे रंगवलेली फळी मात्र मी शाळेतून मागून आणली. टेबलावर ती माझ्याकडे पाठ करून ठेवली आहे. येणारे विचारतात, एवढे सुंदर डोळे भिंतीकडे कशाला? मी त्यांना खांद्याला धरून माझ्या शेजारी, त्या फळीच्याच तोंडानं उभं करते.