चांगली केस

आमच्या कॉलेजात 'चांगली केस' म्हणजे ज्याच्या अंगात बोटांना लागेल, कानांना ऐकू येईल असं काहीतरी आहे असा पेशंट. वाढलेली प्लीहा, पाणी भरलेलं पोट, हृदयाचा वेगळाच आवाज. सकाळी वॉर्डात शिरताना आम्ही एकमेकांना विचारतो, "आज काही चांगलं आहे का?" आणि कोणीतरी सांगतं, "अकरा नंबरला मस्त लिव्हर आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. तीन महिन्यांनी मीही तसंच बोलायला लागले. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहायचं आहे, त्यात मी इतरांपेक्षा वेगळी होते असं कोणाला वाटू नये.

मी आमच्या घरातली बारावीपुढे शिकलेली पहिलीच. वडील छापखान्यात बाइंडिंग करतात. आई दादरला तीन घरी पोळ्या करते. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, मला ॲडमिशन मिळाली त्या दिवसापासून लोक 'डॉक्टर' म्हणतात. शरीरात हाडं किती हेही मला तेव्हा पाठ नव्हतं, पण शेजारी रक्ताचे रिपोर्ट घेऊन दारात उभे राहायचे.

त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत काकी राहते. सख्खी नाही. पण आई सकाळी पोळ्यांना जायची तेव्हा मी काकीकडे असायची, आठ-नऊ वर्षं तरी. काकी लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला बसते. दिवसभर देठ खुडायचे. संध्याकाळी ती घरी आली की पाठोपाठ मजल्यावर शिंका सुरू होतात. मी लहान होते तेव्हा ती मला घास भरवायच्या आधी हात खोबरेल तेलात चोळून, मग साबणाने धुवायची. तरी तिच्या हातच्या वरणभाताला थोडी झणझण असायचीच.

गेल्या वर्षी एका दुपारी तिने मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "बाय, हय जरा बघ गो. पोती उचलून झाला असात." डाव्या छातीत गाठ होती. मी हात लावला नाही. नुसतं विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, गणपतीच्या आधीपासून. गणपती होऊन पाच महिने झाले होते.

"हॉस्पिटलात दाखवायला हवं."

"तू थंय आसस, मगे माका कसली भीती?" ती म्हणाली.

इथे मी एक गोष्ट केली जी आमच्यासारखेच लोक करतात. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर रांगेत उभं राहायचं म्हणजे कमीपणा. ओपीडीत सकाळी सातपासून केस पेपरची रांग असते. काकीचा दिवस बुडाला असता. माझी तेव्हा सर्जरीची पोस्टिंग होती आणि सरांचं क्लिनिक, म्हणजे आम्हाला शिकवायचा तास, दहा वाजता असायचं. मला वाटलं, सरांनाच थेट दाखवू. काकीला मोठा डॉक्टर मिळेल, आणि खरं सांगायचं तर, चाळीतही कळेल की माझी ओळख कुठपर्यंत आहे. रांगेत उभी राहिली असती तर एखाद्या रेसिडेंट मॅडमनी तिला पडद्याआड एकटीला तपासलं असतं. हे मला नंतर सुचलं.

मी आदल्या दिवशी सरांना विचारलं. "ब्रेस्ट लंप? आण, आण. या टर्मला मिळालीच नव्हती," ते म्हणाले. मला आनंद झाला. आपण सरांच्या उपयोगी पडलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकी ठेवणीतली साडी नेसून आली. पण ती साडी मिरच्यांच्या घरातल्याच कपाटातली. आम्ही चौदा जण होतो, सात मुलगे, सात मुली. सरांनी तिला तपासायच्या टेबलावर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "ब्लाऊज काढा." काकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती विचारत होती की हे सगळे इथेच थांबणार आहेत का. मी वहीत तारीख घातली.

पडदा अर्धाच ओढलेला होता. वॉर्डातली मावशी चादरी घेऊन जात होती. तिने तो पुढे ओढला आणि म्हणाली, "पडदा ओढायला काय हात झिजतात का तुमचे?"

"मावशी, उजेड लागतो," सर म्हणाले आणि पडदा परत मागे सारला.

एका मुलाला शिंक आली. मग दुसऱ्याला. मिरचीची भुकटी. सर हसून म्हणाले, "आज मसाला केस आहे." सगळे हसले. मी हसले की नाही ते मला आठवत नाही, म्हणजे बहुतेक हसले असेन.

"तू आणलीस ना? तूच प्रेझेंट कर."

मी इंग्रजीत सुरू केलं. पन्नाशीची बाई, व्यवसाय मजुरी, डाव्या स्तनात पाच महिन्यांपासून गाठ. माझा आवाज छान लागला होता. माझ्या शेजारची मुलगी, जिच्या वडिलांचा गिरगावात स्वतःचा दवाखाना आहे, माझ्या कानाशी येऊन मराठीतच म्हणाली, "तुमच्याकडे कामाला आहे का गं ही?"

मी म्हणाले, "हं."

एवढंच. तिने फार मोठ्याने विचारलं नव्हतं. मीही हळूच म्हणाले. पण काकी माझ्यापासून हातभर अंतरावर, कमरेपर्यंत उघडी बसलेली होती, आणि तिचे कान चांगले आहेत.

मग मी हात लावला. पुस्तकात लिहिलेलं असतं, आधी विचारा, हात चोळून गरम करा, आधी चांगल्या बाजूला तपासा. चांगल्या बाजूपासून सुरुवात केली, कारण त्याला मार्क असतात. हात थंड होते. काकीच्या अंगावर काटा आला तो मला बोटांखाली कळला. माझ्यानंतर तेरा जणांनी हात लावला. "हलते का बघ, खालच्या स्नायूला चिकटलीय का बघ," सर प्रत्येकाला सांगत होते. सातव्या-आठव्यानंतर काकीने डोळे मिटून घेतले. कोणीतरी जरा जोरात दाबलं तेव्हा ती "आई" म्हणाली, इतकंच. जाताना सरांनी तिला अगदी नीट समजावलं की सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, मंगळवारी या. ते वाईट माणूस नाहीत. घाईत असतात आणि मंगळवारी शंभर पेशंट असतात. हे लिहून मी त्यांची बाजू घेतेय की माझी, ते मला नक्की सांगता येत नाही.

दुपारी मेसमध्ये फोन वाजला. बॅचच्या ग्रुपवर फोटो आला होता, कोणीतरी नोट्ससाठी काढलेला. मानेपासून खालचा. चेहरा नव्हता. पण बाजूला सरकवलेलं मंगळसूत्र होतं, त्याला अडकवलेल्या दोन सेफ्टीपिना होत्या. त्यातली एक गंजलेली. मी ताटावरून उठले.

ज्याने टाकला होता त्याला म्हटलं, "हा डिलीट कर ना."

"अगं, फेस कुठे आहे त्यात?"

"तरी."

"फेस नसला तर एथिकली ओके असतं. विचार कोणालाही." मग जरा मऊपणाने म्हणाला, "तुमची कामवाली आहे म्हणून वाटतंय का तुला?"

म्हणजे तेही तोपर्यंत पोचलं होतं. त्याने फोटो काढून टाकला, पण चौदा फोनमध्ये तो आधीच उतरला होता. माझ्याही. माझ्या फोनमध्ये त्याच्या वरच हळदीकुंकवाचा फोटो होता, ज्यात काकी तीच साडी नेसून माझ्या आईला वाण देतेय. मला उलटी झाली. उलटी झाल्यावर आपण निदान वाईट वाटून घेणाऱ्यांतले आहोत, असं थोडं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीही आता किळस येते.

त्याच संध्याकाळी आईने विचारलं, "काय निघालं गं तिचं?" मी म्हणाले, "गाठ आहे, साधी वाटत नाही." डॉक्टरसारखं म्हणाले. आई काही चहाडखोर नाही. तिला खरंच काळजी वाटली, म्हणून तिने शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीला काळजी वाटली म्हणून तिने खालच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी काकी कामावरून आली तर तिच्या दारात केळी घेऊन चार बायका बसलेल्या. तिच्या नवऱ्यालाही, सिक्युरिटीच्या ड्यूटीवरून येताना जिन्यातच, तिच्याआधी दुसऱ्यांकडून कळलं.

मंगळवारी काकी हॉस्पिटलात आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. कॉलेजात फार जणांना कळलं नाही. सरांनी एकदा विचारलं, "ती तुझी ब्रेस्ट कुठे गेली?" मी म्हणाले, बघते.

त्यानंतर मी काकीकडे गेले. ती मिरच्या घरी आणून देठ खुडत बसली होती. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच म्हणाले की मंगळवार चुकवू नकोस, उशीर केला तर वाढू शकतं.

"थंय मी परत येवचंय नाय."

"काकी, त्या दिवशी इतके जण होते, ते... माझी चूक झाली."

"ते पोरगे शिकतत. त्यांचा काय." तिने हात थांबवले नाहीत. "माका भांडी घासूची लाज नाय गो. तुझी आवस पोळयो लाटता, तिका लाज आसा काय? तुका माझी लाज वाटली, ता माका दिसला."

हवेत तिखट होतं, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं आहे हे सांगायची सोय नव्हती. ती त्या 'हं'बद्दल विचारेल, मग मी माफी मागेन, असं मी जिन्यापासून ठरवून आले होते. तिने काही विचारलं नाही.

मग मला जेवढं नक्की माहीत होतं तेवढंच सांगितलं. की ती गाठ कसली आहे ते आत्ता कोणालाच माहीत नाही, मलाही नाही, सरांनाही नाही. की तपासणीत ती साधीही निघू शकते. की ती कुठल्याही हॉस्पिटलात जाऊ शकते, आमच्याच असं नाही. की बाई डॉक्टर मागता येते. की शिकणारी मुलं नकोत असं सांगता येतं आणि तसं सांगितलं म्हणून कोणी उपचार थांबवू शकत नाही.

तिचे हात पहिल्यांदा थांबले. "नको म्हणूक येता?"

"हो."

"ह्या तुका म्हायत होता?"

"हो."

"त्या दिवशी म्हायत होता?"

"हो. परीक्षेला होतं."

"किती मार्क गावले?"

"दहापैकी आठ."

"दोन कसले कापले?" तिने विचारलं. ती हसत नव्हती. मला वाटतं तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की उदाहरण लिहायचं राहिलं होतं.

काकी परत देठ खुडायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "मी जाव्वेक घेवन जातंय. तू येव नको. आणि तुझ्या आवशीक काय सांगा नको." तिची जाऊ शीवला राहते. दोघी त्या बाजूच्या कुठल्यातरी हॉस्पिटलात गेल्या, रांगेतून. एवढं मला दिसलं, म्हणजे सकाळी सहाला दोघी जिना उतरताना दिसल्या. त्यानंतर काय झालं ते मला आजही माहीत नाही.

माझी शाळेतली एक मैत्रीण तिकडच्या एका हॉस्पिटलात शिकते. गेल्या महिन्यात बोलता बोलता मी तिला थोडं सांगितलं. ती म्हणाली, "नाव पाठव. रेसिडेंटला सांगून रिपोर्ट काढते, दोन मिनिटांचं काम आहे." मी काकीचं नाव टाइप केलं. आडनावही अर्धं झालं. मग खोडलं. तत्त्व आठवलं म्हणून खोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी घाबरले होते. काकीला कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, याला.

आई अजून विचारते, "तू तिथलीच ना, काय झालंय तिला, तुला ठाऊक नाही?" मी नाही म्हणते. आईला वाटतं मी लपवतेय आणि त्याचं तिला जरा कौतुकही आहे. शेजारणींना ती सांगते, आमची लेक पेशंटचं काही बाहेर बोलत नाही. मी तिला थांबवलेलं नाही.

काकी आता रोज दुकानात जात नाही. जाते त्या दिवशी डावा हात अंगाशी धरून, उजव्या हाताने कठडा पकडून गॅलरीतून सावकाश चालत येते. हात असा का धरतात, याची चार कारणं मला पुस्तकातून माहीत आहेत. ती आमच्या दारापर्यंत यायच्या आत मी दार लोटून घेते आणि पावलं जिन्यापर्यंत गेली की उघडते. माझी नजर तिला तपासत बसू नये म्हणून करते असं मी स्वतःला सांगते. काल दार लोटताना ते जरा वाजलं, आणि तिची पावलं आमच्या दाराबाहेर क्षणभर थांबली. मी आत कडीला हात लावून उभी होते. उघडलं नाही.