कुकरातला अध्यक्ष

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळात दिगंबररावांना सगळे ‘मद्रासी’ म्हणत, आणि तमिळ संघात गेले की तिथले लोक ‘तो मराठी’ म्हणून ओळख करून देत. त्यामुळे बिचारे पोंगललाही पाहुणे आणि गणपतीलाही पाहुणेच. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे गेले आणि तिकडचेच झाले, पण घरात मराठी टिकवून. ती मराठी दिगंबरराव बोलू लागले की मंडळातले लोक गालातल्या गालात हसत. आता तीनशे वर्षं परमुलखात भाषा जपणाऱ्याला हसायचं, आणि आपल्या पोरांना मात्र ती दहा वर्षांत विसरू द्यायची, याला काय म्हणावं!

दिवसभर चिपच्या कारखान्यात पांढरा झगा घालून काम करायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये परतायचं, असं त्यांचं साधं आयुष्य. मनात इच्छा एकच: एकदा मंडळाचा अध्यक्ष व्हायचं. मग मद्रासी म्हणायची कोणाची छाती आहे ते बघू!

बोलण्याचा विषयही त्यांना एकच होता. त्यांचं गाव कीळनल्लूर, आणि तिथल्या देवळाची भिंत. हजार वर्षांपूर्वी गावाने आपला कारभारी कसा निवडायचा याचे नियम त्या भिंतीवर कोरून ठेवले होते. लायक माणसांची नावं मडक्यात टाकायची आणि अक्षरओळख नसलेल्या मुलाने एक काढायचं. लहानपणी वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, त्यांना त्या भिंतीपुढे उभं करून एकेक ओळ पाठ करून घेतली होती. ही गोष्ट घडली त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, तिकडे बऱ्याच काळाने पंचायतीच्या निवडणुका झाल्या, तर अप्पा प्रत्येक उमेदवाराला हाताला धरून भिंतीपाशी नेत. शेवटी उमेदवारांनी देवळाचा रस्ताच सोडला.

इकडे मंडळातही निवडणूक झाली आणि पुण्याचे मोहन आणि नागपूरचे प्रफुल्ल यांना सारखी मतं पडली. माघार कोण घेणार? दिवाळी दोन हॉलमध्ये दोनदा साजरी झाली. दोन्हीकडे चकली खाणारे एकटे दिगंबरराव. अखेर मोहनच्या घरी तडजोडीची बैठक बसली. तिथेही आवाज चढले, तेव्हा दिगंबरराव उभे राहिले आणि त्यांनी भिंतीची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांनी पूर्वी अनेकदा टाळली होती, पण आता दुसरा इलाजच नव्हता.

“गेल्या तीन वर्षांत पद भोगलेल्याचं नाव मडक्यात नको,” दिगंबररावांनी पहिला नियम सांगितला. मोहन आणि प्रफुल्ल दोघंही बाद झाले. आपण गेलो त्याच्या दुःखापेक्षा समोरचा गेला याचा आनंद मोठा, त्यामुळे दोघांनीही लगेच मान डोलावली.

मडकं चँडलरमध्ये कुठून आणणार? मोहनच्या बायकोने, नीलाने, प्रेशर कुकर पुढे केला. देवनागरीत चिठ्ठ्या लिहिल्या. आता अक्षर न वाचता येणारं मूल हवं. शोध घ्यायला गेले तर मंडळातली सगळीच मुलं पात्र निघाली! नीलाचा प्रथमेश स्वतः गाडी ड्राइव्ह करायचा, ओठावर मिसरूड फुटलं होतं, त्यालाच बसवला.

“मॉम, धिस इज सो वियर्ड,” म्हणत त्याने कुकरात हात घातला आणि चिठ्ठी आईकडे दिली. तिने वाचलं, “दिगंबरराव!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी त्यांच्या तोंडात नारळाची बर्फी कोंबली. दिगंबररावांना आनंदाने काही सुचेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर सुमित्राबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, गाव तेच, भिंत तीच.

“आणि तिसरी ओळ?” त्या हळूच म्हणाल्या.

बर्फी घशात अडकली. तिसरी ओळ दिगंबररावांनी मुद्दाम गिळली होती. ती आताही गिळता आली असती, पण उमेदवाराचा हात धरलेले अप्पा डोळ्यांपुढे आले आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

“एक नियम राहिला,” ते म्हणाले. “कारभाऱ्याचं स्वतःच्या जागेवर स्वतःचं घर हवं. मी भाड्याने राहतो. मी बाद.”

“अरे यार, हजार वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात!” प्रफुल्ल ओरडला.

“आणि तुमचं गावी घर आहे ना? मग झालं!” मोहन म्हणाला.

“जिथे कारभार, तिथे घर. गावी माझं घर आहे, पण मी नाही. इथे मी आहे, पण घर नाही.” मग ते इरेलाच पेटले. मोहनने तोडगा काढायचा आणि यांनी टेबलावर मूठ आपटून तो मोडायचा! चहा निवून गेला, तरी आपण अध्यक्ष कसे होऊ शकत नाही हे त्यांचं पटवून देणं चालूच. शेवटी दमून लोकांनी भाडेकरूंच्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि प्रथमेशला पुन्हा बसवलं. नाव निघालं उपासनाचं. तिने नुकतंच चार बेडरूमचं घर घेतलं होतं.

मोहनने कपाळाला हात लावला. “हातात आलेलं अध्यक्षपद नियमावर बोट ठेवून घालवलं! प्रफुल्ल, हा मद्रासी कसला? हा तर अस्सल आपला!”

“शंभर टक्के!” प्रफुल्ल म्हणाला. त्या दोघांचं एकमत झाल्याचं मंडळाने प्रथमच पाहिलं. दिगंबररावांनी चष्मा पुसायचं निमित्त करून डोळे पुसले.

घरी येताच त्यांनी अप्पांना फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. अप्पा तृप्त झाले. मग त्यांनी विचारलं, “त्या मुलीचं घर तिचं स्वतःचंच आहे ना रे? का बँकेचं?”

दिगंबरराव मनातल्या मनात घरं मोजू लागले. उपासनाचं बँकेचं, मोहनचं बँकेचं, प्रफुल्लचंही बँकेचंच. भिंतीच्या हिशेबाने आपलं अख्खं मंडळ बाद होत होतं.

“अप्पा, लाइन खराब आहे, नीट ऐकू येत नाही,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.